दोर बसतो ते वेगळं, दोर वाढत जातो ते वेगळं

‘डायनीमा ताणतो, म्हणून रिग सैल पडली.’ हे वाक्य धक्क्यावर कुणी म्हटलं की मी चहा घ्यायला निघून जातो. (रिग म्हणजे शिडाच्या बोटीची डोलकाठी तोलून धरणारे ताण, आणि डायनीमा म्हणजे त्यासाठी तारेऐवजी लावतात तो कृत्रिम धाग्याचा दोर.) त्या ‘ताणतो’मध्ये दोन निराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात आणि एकीवरचा इलाज दुसरीला बाधतो.

स्टीलच्या तारेची रिग तुम्हाला माहीत आहेच. तारेऐवजी दोर आला की वजन घटतं, गंज संपतो, ताण द्यायच्या पेचाच्या, म्हणजे टर्नबकलच्या जागी बारीक दोरीच्या वेढ्यांचं लॅशिंग येतं आणि घासण्याचं भय वाढतं. ताकदीची चिंता नको. त्याच जाडीचा डायनीमा तारेपेक्षा उशिरा तुटतो. टोकाला गाठ मात्र मारू नका. हा दोर गुळगुळीत असतो, गाठ सरकते. स्प्लाइसच करा, म्हणजे टोक वळवून दोराच्याच पोटात घाला, आणि आत घातलेलं शेपूट जाडीच्या ७२ पट ठेवा. ६ मिमी दोराला ४३२ मिमी. ‘एवढं कशाला’ म्हणणाऱ्याच्या बोटीवर मी बसत नाही.

आता मुद्दा. सुंभाची नवी विणलेली बाज चार रात्रींत झोळ घेते. सुंभ काही लांबलेलं नसतं, विणीतली पोकळी गेलेली असते. पायथ्याची दोरी दोन-तीनदा ओढली की बाज ताठ होते ती होते. दोराचंही असंच. वीण दाबली जाते, स्प्लाइस आवळतो, टोकाचा फासा, म्हणजे डोळा, आतल्या थिंबल नावाच्या कडीवर चपखल बसतो. हे बसणं. ते एकदाच होतं आणि संपतं.

दुसरी गोष्ट क्रीप. पाच किलो बटाट्यांची कॅरीबॅग खुंटीला टांगून ठेवा. सकाळी बंद लांबुळके, बारीक झालेले दिसतील, आणि बटाटे काढले तरी ते पूर्ववत होत नाहीत. पिशवी पॉलिएथिलीनची आणि डायनीमाही पॉलिएथिलीनच. फक्त त्याच्या रेणूंच्या साखळ्या अतिशय लांब आणि एका दिशेला ओढून बसवलेल्या. सतत भार राहिला की त्या एकमेकींवरून कणाकणानं घसरतात. भार जास्त, उष्णता जास्त, तर घसरणंही जास्त. शिड चढवायच्या दोरावर, हॅलयार्डवर, ताण काही तासांचा, म्हणून तिथे चालून जातं. डोलकाठीला बाजूंनी धरणाऱ्या दोरावर, शराउडवर, तो रात्रंदिवस, बोट बांधलेली असतानाही.

इलाज बघा. बसणं टाळायचं तर दोर बोटीवर चढवण्याआधीच जबर ओढून ठेवायचा, शिडं भरल्यावर येईल त्याहून जास्त ताणानं. मी दोन भक्कम झाडांमध्ये चेनपुली लावून ओढतो, आणि दोराच्या रेषेत कुणाला उभं राहू देत नाही. क्रीपवर हा उपाय म्हणजे आगीत तेल. तिथे भार कमी करायचा, म्हणजे दोर जाड घ्यायचा, किंवा धागाच वेगळा. डायनीमाच्याच धाग्यांत एसके-७५ पेक्षा एसके-७८ बरा; डीएम-२० तर कायम ताणात राहणाऱ्या नांगरदोरांसाठीच काढलेला. जाडी तुटण्याच्या भारावर ठरवणारे इथेच फसतात.

कुठलं चाललंय ते ओळखायला यंत्र लागत नाही. शराउडच्या मधोमध, स्प्लाइसपासून लांब, रंगीत दोऱ्याचे दोन टाके बरोबर १ मीटर अंतरावर घाला. लॅशिंग सैल झालं पण टाक्यांमधलं अंतर तेवढंच, तर स्प्लाइस बसतोय. अंतर पहिल्या काही दिवसांत वाढून थांबलं, तर वीण बसली. महिनोन् महिने वाढतच राहिलं, तर क्रीप.

मोजायचं मात्र रोज एकाच वेळी. ऊन चढलं की अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी वाढते आणि हा दोर उलट आखडतो. १० मीटरची काठी १५ अंशांनी तापली तर सुमारे साडेतीन मिलीमीटर वाढेल, दोर दीड-दोन मिलीमीटर आखडेल. तार काठीबरोबर बरीचशी वाढते, म्हणून तारवाल्यांना हे कधी जाणवलेलं नसतं. पहाटे सैल लागलेली रिग दुपारी ताठ होऊन वाजायला लागते ती यामुळे. पहाटे ‘क्रीप, क्रीप’ म्हणत लॅशिंग आवळणारे हौशी मी पाहिलेत. दुपारी सगळा भार काठीच्या बुडावर आणि दोरावर, आणि मग खरोखरचा क्रीप मागे लागतो.

माझ्या एका मित्राचे ६ मिमीचे नवे शराउड दुसऱ्याच फेरीत लोंबले. क्रीपच, असं ठरवून त्यानं ८ मिमी मागवला, रात्र जागून स्प्लाइस केले आणि न ओढताच चढवले. तेही दुसऱ्या फेरीत लोंबले. काढलेला ६ मिमी मी मागून आणला, चेनपुलीवर ओढला, टाके घातले. माझी बोट त्याच्याच बोटीच्या मापाची, तिच्यावर चढवला. टाक्यांमधलं अंतर पहिल्या पंधरवड्यात १००२ मिमी झालं. दोन पावसाळे गेले, अजून १००२.