उंबरठ्यावरची झडती: साथीच्या काळातील लोकविश्वासाची पार्श्वभूमी

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने साथरोग कायदा, १८९७ राज्यात लागू केला. करोनाचे राज्यातील पहिले रुग्ण त्याच आठवड्यात, ९ मार्चला, पुण्यात आढळले होते. बरोबर १२३ वर्षांपूर्वी, १३ मार्च १८९७ रोजी, त्याच पुण्यात प्लेगच्या रुग्णांसाठी लष्कराच्या तुकड्यांनी घरोघरी झडती सुरू केली होती. तारखांचे जुळणे हा योगायोग आहे, पण कायदा तोच होता. संकटाच्या काळात लोक सत्तेवर, पुढाऱ्यांवर आणि डॉक्टरांवर कधी विश्वास ठेवतात आणि कधी दार लावून घेतात, हे समजून घ्यायचे तर त्या प्लेगच्या वर्षांकडे जावे लागते. साथ ओसरली की माणसे तिच्यातले दुःख लक्षात ठेवतात आणि कारभार विसरतात, म्हणून येथे कारभाराकडे अधिक लक्ष दिले आहे.

१८९४ साली हाँगकाँगमध्ये भडकलेला प्लेग १८९६ च्या पावसाळ्यात मुंबई बंदरापर्यंत येऊन पोहोचला होता. मांडवी भागात, धान्याच्या वखारी आणि दाटीच्या चाळी यांमध्ये, जांघेत किंवा काखेत गाठ येऊन माणसे दगावू लागली. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे ओळखले आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजी महापालिकेच्या स्थायी समितीसमोर ते उघडपणे सांगितले. बंदराचा व्यापार, गिरण्या आणि बोटींची ये-जा यांवर उभ्या असलेल्या शहराला हे नाव नकोसे होते. पुढे वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले, जंतूंच्या तपासणीने निदान पक्के झाले आणि शंकेला जागा उरली नाही. तोवर शहरातल्या लोकांनी मात्र आपापल्या परीने निष्कर्ष काढला होता. घरात उंदीर पडू लागले की बिऱ्हाड हलवायचे, हे शहाणपण पुस्तकातून आलेले नव्हते.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिका आयुक्त स्नो यांनी काढलेल्या हुकमाने रुग्णाला सक्तीने रुग्णालयात नेण्याचे, घर निर्जंतुक करण्याचे आणि माणसे वेगळी काढण्याचे अधिकार दिले. त्या काळच्या सामान्य मुंबईकराला रुग्णालय म्हणजे बेवारस माणसाने मरण्याची जागा वाटत असे, आणि आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयात नेलेले रुग्ण बहुतेक परत येत नसत, कारण ते मरणाच्या दारातच तेथे पोहोचत. त्यातून अफवा उठल्या. रुग्णांच्या शरीरातून मोमियाई नावाचे औषधी तेल काढतात, अशी एक होती. दुसरी अधिक विलक्षण होती. त्याच महिन्यात मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते, आणि त्या अपमानाच्या भरपाईसाठी राणीने माणसांची काळजे मागितली आहेत, असे लोक बोलू लागले. ऑक्टोबरअखेर सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. महापालिकेने सक्ती लगेच सैल केली. शहराचा मैला वाहून नेणारे हलालखोर घाबरून निघून गेले तर मुंबई चार दिवसही राहण्याजोगी उरणार नाही, ही भीती त्यामागे होती. शहराचे जगणे ज्यांच्या श्रमावर उभे होते त्यांचा विश्वास किती मोलाचा आहे, हे मुंबईच्या कारभाऱ्यांना असे भीतीतून कळले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

लोकांनी दुसरा मार्गही वापरला, तो म्हणजे शहर सोडण्याचा. फेब्रुवारी १८९७ अखेरपर्यंत सुमारे ३ लाख ८० हजार माणसे मुंबईबाहेर पडली, आणि १८९१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. कोकणात आणि घाटावर गेलेल्या या माणसांबरोबर रोगही गेला. रेल्वे स्थानकांवर उतारूंची तपासणी सुरू झाली आणि कारंटीन, म्हणजे संशयितांना अडवून वेगळे ठेवणे, हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला.

एवढ्यात सरकारवर बाहेरून दडपण आले. भारतीय माल आणि हज यात्रेच्या बोटी यांमधून प्लेग युरोपात शिरेल, या भीतीने व्हेनिस येथे फेब्रुवारी १८९७ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषद भरली. व्यापारबंदीची टांगती तलवार होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा घाईने संमत झाला. चार कलमांच्या या कायद्याने सरकारला हवे ते तात्पुरते नियम करण्याची मुभा दिली, ते मोडणाऱ्याला शिक्षा ठरवली आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा करता येणार नाही, असे सांगितले. ज्याच्या घरात शिरायचे त्या माणसाला काही हक्क आहेत, असे एक अक्षरही त्यात नव्हते. माझ्या मते पुढच्या साऱ्या अविश्वासाचे बीज या मौनातच आहे.

पुण्यात या कायद्याचा अंमल करण्यासाठी वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याला प्लेग समितीचा अध्यक्ष म्हणून आणले गेले. १३ मार्च ते १९ मे १८९७ या काळात गोऱ्या आणि देशी मिळून जवळपास नऊशे लष्करी माणसे या कामावर होती. सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, पेठांमधल्या वाड्यांत शिरत, देवघर आणि स्वयंपाकघर न पाहता सामान बाहेर काढत, संशयिताला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत पाठवत. स्त्रियांची तपासणी परक्या पुरुषांसमोर होते, चीजवस्तू नाहीशा होतात, देव बाटवले जातात, अशा तक्रारी रोज येत होत्या. मृत्यूची वर्दी देणे सक्तीचे होते, म्हणून लोक मृत्यू लपवू लागले, रुग्ण माळ्यावर किंवा मागच्या खोलीत ठेवू लागले. साथ रोखण्यासाठी सरकारला जी माहिती सर्वांत आधी हवी होती, नेमकी तीच झडतीमुळे दडून बसली.

त्या दिवसांत लोकांनी पुढाऱ्यांकडेही बारकाईने पाहिले. शहरातले अनेक प्रतिष्ठित लोक बाहेरगावी निघून गेले होते. बाळ गंगाधर टिळक पुण्यातच राहिले. त्यांनी रुग्णांना वेगळे ठेवण्याला आणि स्वच्छतेच्या उपायांना विरोध केला नव्हता, इस्पितळात जाण्यापासून लोकांना परावृत्तही केले नव्हते. हिंदू प्लेग इस्पितळ उभे करण्यात त्यांचा पुढाकार होता आणि ‘केसरी’तून त्यांचा रोख उपायांच्या अंमलबजावणीतल्या जुलुमावर होता. पुढे याच रोगाने त्यांचे थोरले चिरंजीव विश्वनाथ गेले. टिळकांच्या शब्दाला साथीत वजन आले, त्याचे एक कारण त्यांचे तेथे असणे हे होते.

दुसरे उदाहरण याहून मोठे आहे आणि ते सांगताना मन जड होते. सावित्रीबाई फुले तेव्हा पासष्टीच्या पुढे होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक मुलगा आजारी असल्याचे कळल्यावर सावित्रीबाईंनी त्याला स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. पुण्यातली झडती त्यानंतर तीन दिवसांनी सुरू झाली. रुग्णाला घरातून उचलून दवाखान्यात नेणे ही क्रिया दोन्हीकडे सारखीच होती, आणि महारवाड्यातल्या त्या घराने मुलाला सावित्रीबाईंच्या हाती दिले होते. अस्पृश्य मानलेल्या वस्तीत पन्नास वर्षे शाळा, अन्नछत्र आणि आधार घेऊन जाणारी बाई साथीच्या दिवसात दारी आली, तेव्हा तिला नव्याने विश्वास मिळवावा लागला नाही.

सत्य शोधणेही त्या वातावरणात अवघड झाले. मे महिन्यात पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत स्त्रियांच्या होणाऱ्या हालांविषयी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला आणि सरकारने आरोप फेटाळले. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे तेथे सांगितले, पण परतल्यावर कोणी उघड पुढे येऊन साक्ष देईना, आणि त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. इज्जतीच्या भीतीने गप्प राहणारी घरे, पुरावा मागणारे सरकार आणि मधे अडकलेला सत्यनिष्ठ पुढारी, असा हा पेच होता. स्वकीयांनी गोखल्यांना भ्याड ठरवले. त्यानंतर ते पुण्यात प्लेगनिवारणाच्या स्वयंसेवी कामात उतरले, हे त्यांच्या टीकाकारांनी सोयीने विसरून टाकले.

२२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावरून परतताना, रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. त्याच समारंभाहून परतणारे लष्करी अधिकारी लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले आणि रँड ३ जुलैला वारले. मुंबईतल्या पुतळ्याला डांबर फासणारे दामोदर चापेकरच होते, हे पुढे त्यांच्या जबानीतून उघड झाले, आणि ती घटना पुण्यातील झडतीच्या कित्येक महिने आधीची होती. म्हणून या हत्येचे सारे मूळ प्लेगच्या जुलुमात शोधणे बरोबर नाही. प्लेगने त्या रोषाला शहरभर सहानुभूती मिळवून दिली, एवढे निश्चित म्हणता येते. सरकारने सूडाची वाट धरली. पुण्यातील सरदार घराण्यातल्या नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली चौकशीविना स्थानबद्ध केले गेले, आणि टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

मुंबईत धोरण वेगळ्या वाटेने बदलत होते. मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगवली जात, कौले काढून खोल्यांत ऊन घेतले जाई, भिंतींना चुना लागे, मोऱ्यांत कार्बोलिक ओतले जाई. सक्ती येथेही होती, पण निरनिराळ्या समाजांना आपापली इस्पितळे काढू दिली गेली. आपल्या माणसाला आपल्याच्या हातचे पाणी मिळेल, एवढ्या दिलाशाने इस्पितळाची भीती कमी झाली. जातिभेदाला यातून खतपाणी मिळाले, हे खरेच आहे, आणि तरीही त्या क्षणी माणसे दाराबाहेर आली ती या सोयीमुळेच. ९ मार्च १८९८ रोजी मात्र एका आजारी मुलीच्या तपासणीवरून विणकरांच्या वस्तीत दंगल पेटली. त्यानंतर झडती, सक्तीचे स्थलांतर आणि लष्कराचा वापर सरकारने हळूहळू आवरता घेतला.

लशीचा इतिहास याच काळातला आहे. हाफकिन यांनी प्लेगची लस ग्रँट मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची चाचणी झाली. खोजा समाजाचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी लोकांसमक्ष टोचून घेतले, तेव्हा तो समाज मोठ्या संख्येने पुढे आला. डॉ. व्हिएगस यांनी स्वतः हजारो लोकांना लस टोचली. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे दूषित बाटलीमुळे धनुर्वात होऊन १९ माणसे दगावली आणि हाफकिन यांच्यावर ठपका आला. तो दूर व्हायला १९०७ उजाडले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले.

या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी असलेले वैद्यकीय ज्ञान अर्धवट होते, हेही नोंदले पाहिजे. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरांवरच्या पिसवांतून प्लेग पसरतो, हे दाखवले, पण ते मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे ज्या १८९७ साली घरे धुतली, फरशा उखडल्या, अंथरुणे जाळली, त्या वर्षी खरा वाहक उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात पळत होता, आणि उंदीर पडले की घर सोडणारी माणसे अधिकाऱ्यांपेक्षा सत्याच्या जवळ होती. लोकांना अडाणी समजणाऱ्या प्रत्येक कारभाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झात, म्हणजे मानमोडीत, सरकारची उपस्थिती प्लेगच्या तुलनेत नगण्य होती. देशात कोटीहून अधिक माणसे गेली आणि मदतीचे बहुतांश काम स्थानिक संस्थांनी व स्वयंसेवकांनी केले.

२०२० मध्ये मुंबईतील सुरुवातीचे रुग्ण ज्या कस्तुरबा रुग्णालयात दाखल झाले, ते म्हणजे १८९६ मध्ये कामगार चालून गेलेले आर्थर रोडचे रुग्णालय होय. विलगीकरणात असलेल्यांच्या हातावर शिक्के मारले गेले, तेव्हा शेजाऱ्यांच्या नजरा जुन्याच होत्या. शहर सोडून निघालेले पायही जुनेच होते. फरक काही ठिकाणी दिसला. धारावीत घरोघरी तपासणीला तेथेच दवाखाना चालवणारे खाजगी डॉक्टर महापालिकेच्या पथकांबरोबर गेले आणि विलगीकरणाची सोय वस्तीजवळच्या शाळांत व सभागृहांत केली गेली. सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत उंबरठ्यावर उभी असलेली व्यक्ती बहुधा गावातली किंवा वस्तीतली आशा कार्यकर्ती होती. तिच्याकडे थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर होता, आणि तिला घरातल्या माणसांची नावे माहीत होती.

कायदा मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली, आणि ती आवश्यकच होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचे सांगून तो सुधारण्याची किंवा नवा करण्याची शिफारस केली. गणेशखिंडीतल्या ज्या बंगल्यात रँड यांनी शेवटचा समारंभ पाहिला, तेथे आज विद्यापीठ आहे आणि त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.