सुक्या कचऱ्यातली खरी महाग गोष्ट

अर्ध्या लिटरच्या दुधाच्या रिकाम्या पिशवीचं वजन तीन ग्रॅमच्या आसपास भरतं. एक किलो माल जमायला अशा तीनशेहून जास्त पिशव्या गोळा कराव्या लागतात. प्लास्टिक उत्तम असतं, पॉलिएथिलीन, सहज वितळणारं. पण पिशवीत चमचाभर दूध राहिलं, तर ते दूधच पिशवीपेक्षा जड होतं. दोन दिवसांनी भंगारवाल्याच्या काट्यावर येतं ते निम्म्याहून अधिक आंबलेलं दूध. तो वजनात घट कापतो किंवा माल घेतच नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

मुंबईत सुक्या कचऱ्याची चर्चा बहुतेक वेळा ‘वेगळा केला की नाही’ एवढ्यावरच थांबते. वेगळा केलेला कचरा किती स्वच्छ आहे आणि त्यात काय काय मिसळलं आहे, हे कुणी फारसं विचारत नाही. पण प्रक्रियेचा सगळा खर्च तिथेच ठरतो.

पिशवीचं पुढे काय होतं ते पाहू. कारखान्यात ती चिरली जाते, धुतली जाते, वाळवली जाते, वितळवून जाळीतून गाळली जाते आणि तिचा दाणा तयार होतो. आत पाणी राहिलं असेल तर वितळताना त्याची वाफ होते आणि दाण्यात बुडबुडे राहतात. दुधातली प्रथिनं करपतात, तपकिरी ठिपके आणि वास सोडतात. या दाण्यापासून पुन्हा पिशवी करायची, तर वितळलेल्या प्लास्टिकचा फुगा फुगवून पन्नासेक मायक्रॉन जाडीचा पापुद्रा काढावा लागतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वाळूचा साधा कण शंभर-दोनशे मायक्रॉनचा असतो. तो पापुद्र्यात आला की तिथे भोक पडतं आणि फुगा फुटतो. त्यामुळे मळकट पिशवीची पुन्हा पिशवी होत नाही. तिच्या दाण्याला कमी भाव मिळतो आणि त्यातून जाड, गडद रंगाच्या हलक्या प्रतीच्या वस्तू बनतात.

पाण्याच्या बाटलीची गोष्ट याहून नाजूक आहे. भंगाराच्या धंद्यात कुठल्याही कंपनीच्या असल्या बाटलीला सरसकट ‘बिसलेरी’ म्हणतात. ती पेट नावाच्या प्लास्टिकची असते आणि साधारण २५० अंश सेल्सिअसला वितळते. त्या तापमानाला पाण्याचा अंश उरला असेल तर पाणी पेटच्या लांब साखळ्या कापत सुटतं आणि प्लास्टिक ठिसूळ होतं. म्हणून वितळवण्याआधी पेटचे तुकडे तासन् तास गरम हवेत वाळवावे लागतात, दहा लाख भागांत पाण्याचे पन्नास भागही उरणार नाहीत इतके. हा सगळा विजेचा खर्च.

बुचाचा प्रश्न मात्र सोपा आहे. बूच पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, पाण्याहून हलकं. पेटची घनता पाण्याच्या १.३८ पटीच्या आसपास. तुकडे पाण्याच्या टाकीत टाकले की बुचं तरंगतात, बाटली बुडते. पण काही बाटल्यांवर घट्ट बसवलेलं वेष्टन पीव्हीसी या वेगळ्याच प्लास्टिकचं असतं. तेही बुडतं, कारण त्याची घनता पेटच्या जवळपास असते. आणि पेटच्या तापमानाला पीव्हीसी तग धरत नाही. त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि काळे ठिपके पडतात. टनभर पेटमध्ये शंभर ग्रॅम पीव्हीसी गेलं तरी सगळ्या मालाचा रंग बिघडू शकतो. चुकीची वस्तू अशी स्वतः वाया जाते आणि शेजारचा चांगला मालही घेऊन बुडते. काचेचंही तेच. फुटलेला चिनी मातीचा कप काचेच्या भट्टीत वितळत नाही, नव्या बाटलीत खड्यासारखा राहतो आणि बाटली तिथेच तडकते.

मग वेगळं करायला एवढा खर्च का यावा? मीठ पाण्यातून काढायला भरपूर ऊर्जा लागते, कारण ते रेणूंच्या पातळीवर मिसळलेलं असतं. बाटल्या आणि डबे एकमेकांत विरघळत नाहीत. त्यांना वेगळं करायची ऊर्जा म्हणाल तर हात उचलण्याएवढी. खर्च येतो तो ओळखण्याचा. हातात आलेली वस्तू कशाची आहे, आत काय होतं, किती मळली आहे, हे कुणाला तरी ठरवावं लागतं, प्रत्येक वस्तूसाठी. एक लिटरच्या चाळीस-पन्नास बाटल्यांचा एक किलो होतो, म्हणजे किलोमागे चाळीस-पन्नास निर्णय. पिशव्यांसाठी तीनशेवर.

आता स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. त्याला यातलं बरंच काही आपोआप माहीत असतं. हे दूध, हे तेल, हे औषध, हे कोरडं. ही माहिती त्या क्षणी फुकट असते. मग तो सगळं एका डब्यात टाकतो, सोसायटीच्या मोठ्या पिंपात ते खिचडीसारखं एक होतं, आणि कॉम्पॅक्टर गाडी ते दाबते. काच फुटते, आमटी कागदात मुरते, पिशव्या एकमेकींना चिकटतात. कागदात तेल मुरलं की लगदा करतानाही ते तंतूंना सोडत नाही. घरात फुकट असलेली माहिती गाडीत पुसली जाते आणि पुढे कुणाला तरी ती मोल देऊन परत मिळवावी लागते.

धारावीत ‘तेरा कंपाउंड’ या भंगाराच्या वस्तीतल्या गाळ्यांत हे मोल अनुभवाचं असतं. तिथला कसबी कारागीर डब्यावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतो, कडा वाकवून पाहतो, शंका आली तर छोटा तुकडा पेटवून धुराचा वास घेतो. पॉलिएथिलीन जळताना मेणबत्तीसारखा वास येतो, पीव्हीसीचा धूर नाकात झोंबतो, पॉलिस्टायरीन काजळी सोडतं. शांपूच्या बाटल्यांचा ‘फुगा’ वेगळा, ‘पन्नी’ वेगळी, पुठ्ठा वेगळा. हे ज्ञान खरं आहे आणि ते त्यांच्या फुप्फुसांच्या मोलाने आलेलं आहे.

युरोप-अमेरिकेत, जिथे मजुरी महाग, तिथे हेच काम यंत्र करतं. धावत्या पट्ट्यावर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतात. प्रत्येक प्लास्टिक तो वेगळ्या तऱ्हेने परतवतं, संगणक ते ओळखतो आणि हवेचा झोत वस्तू बाजूला उडवतो. पण काळ्या डब्यांतली काजळी हा प्रकाश गिळून टाकते आणि यंत्राला डबा दिसतच नाही. हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे म्हणूनच तिथेही नकोसे. एवढी यंत्रं असूनही तिथला माल वर्षानुवर्षं चीनमध्ये हाताने निवडला जात होता. २०१८मध्ये चीनने बऱ्याच प्रकारच्या भंगारावर बंदी घातली आणि उरलेल्यात अशुद्धी जास्तीत जास्त अर्धा टक्का हवी असं सांगितलं. अनेक शहरांची रीसायकलिंगची गणितं तेव्हा कोलमडली.

मुंबईत महापालिकेची सुका कचरा वर्गीकरण केंद्रं आहेत. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८च्या सुमारास सुरू केलेल्या ‘परिसर विकास’ उपक्रमातून कचरावेचक महिला या कामात संघटितपणे उतरल्या. ढिगातली प्रत्येक पिशवी त्यांच्या हातांतून जाते. आणि इथे मला एका जुन्या नियमाचीच तक्रार करायची आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६च्या नियमांनी वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितलं होतं. कागदावर ते सोयीचं वाटलं. पण तो डबा शेवटी टेबलावर उपडा होतो आणि समोर एक बाई उभी असते. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी पाहून तिला रद्दी वाटली तर ती ती उघडणारच. सुया आणि ब्लेडचंही तसंच. हा खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, तो तिच्या बोटांवर आणि तिच्या औषधांवर पडतो. मालाचा भाव मात्र रोज वर-खाली होतो. कच्चं तेल स्वस्त झालं की नवं प्लास्टिक स्वस्त होतं, दाण्याचा दर घसरतो आणि तिची कमाईही. वर्गीकरणाचं काम ही शहराची सेवा आहे, त्याचे पैसे भंगाराच्या दरावर न सोडता पालिकेने आणि सोसायट्यांनी ठरावीक द्यायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरी करायचं ते फार नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, तो गटारात जातो. पिशवी आणि डबे भांडी घासून झाल्यावरच्या उरलेल्या पाण्याने विसळले तरी पुरे, त्यासाठी नळ सोडायची गरज नाही. विसळून उलटे ठेवा, कारण ओलावाही भाव पाडतो. तेलकट खोक्याचं कोरडं झाकण फाडून पुठ्ठ्यात द्या, बुडाचा तेलकट भाग त्यात घालू नका. वेफर्सच्या पाकिटांना बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक नाही. त्यांत वेगवेगळ्या प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकजीव चिकटलेले असतात, त्यामुळे ती बहुधा सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात. ती वेगळ्या पिशवीत साठवा, म्हणजे निवडणाऱ्या बाईला ती एकेक उचलावी लागणार नाहीत. पॅड आणि डायपर जाड कागदात बांधून पुडीवर लाल ठळक खूण करा, आणि सोसायटीत त्यासाठी तिसरा डबा ठेवायला लावा.