दुबईची संध्याकाळ आणि पायातली चप्पल: आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

तिकीट निघालं, व्हिसा आला, की आमच्या आर्वीच्या ऑफिसात फोन सुरू होतात. प्रश्न दरवर्षी तेच. "लाउंजमध्ये चप्पल चालते का?" "स्पात बाईच असते ना?" "नुसत्या चहाले माणशी एवढे पैसे कायचे?" आणि हळू आवाजात, "तिथं मिळते ना जी?" काय मिळते, ते विचारणारा कधीच सांगत नाही.

म्हणून एकदाच लिहून ठेवतो. बुर्ज खलिफा, सफारी, सोन्याचा बाजार हे सगळं तुम्ही मोबाइलवर आधीच पाहिलेलं असतं, ते इथं नाही. इथं फक्त चहाच्या जागा, कॉकटेल लाउंज आणि स्पा. आमच्या सहलीत या तिन्हींच्या संध्याकाळी आहेत, लोक परत आल्यावर कौतुक याच तीन जागांचं करतात, आणि भांडणंही इथलीच.

आधी चप्पल

दुबईतल्या चांगल्या लाउंजमध्ये पुरुषांना चप्पल, सँडल, हाफपँट चालत नाही. चप्पल चामड्याची असो, कोल्हापुरी असो, दोन हजाराची असो. पायाची बोटं दिसली की दारातच थांबवतात. थांबवणारा मुलगा नम्र असतो, सर म्हणतो, हसतो, आणि सोडत नाही. त्याच्याशी वाद घालून आत गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आमचा अठरा जणांचा ग्रुप होता. दिवसभर देरा भागातले बाजार, मग अब्रा, म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी, तिकीट एक दिरहम. रात्री नऊचं टेबल, खिडकीजवळचं, महिनाभर आधी धरलेलं. एका काकांनी दिवसभर चालायचं म्हणून चप्पल घातली आणि बूट हॉटेलात ठेवले. दारातल्या मुलानं त्यांच्या पायाकडं पाहिलं. काका म्हणाले, "मी का उघडा आलो का बापा? पैसे देऊन राहिलो ना!" मराठीतच म्हणाले, पण त्याला समजलं असावं. आमचं हॉटेल बर दुबई नावाच्या भागात. बूट आणायला जायला पस्तीस मिनिटं, यायला पन्नास, शनिवारची रात्र. बाकीचे सतरा जण खाली लॉबीत. टेबल पंधरा मिनिटं धरतात, मग दुसऱ्याला देतात, तसं दिलं. आम्हाला पावणेअकराला आतल्या खांबाजवळ बसवलं, आणि बसच्या जास्तीच्या दोन तासांचे पैसे आमच्या खिशातून गेले. काकांना फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी कुनाफा, म्हणजे तिथली मिठाई, घेऊन आले. कुनाफा छान होता, पण खिडकी गेली ती गेलीच.

तेव्हापासून लाउंजच्या दिवशी सकाळी हॉटेलच्या लॉबीत मी प्रत्येकाची संध्याकाळची पिशवी पाहतो. बंद बूट, मोजे, फुलपँट, कॉलरचा शर्ट, पासपोर्ट. पिशवी बसमध्ये चढली की मग माणूस चढतो. याला लोक "शाळेत आणलं का" म्हणतात. म्हणू द्या. एकाच्या बुटासाठी सतरा जणांची रात्र घालवण्यापेक्षा हेडमास्तर झालेलं परवडलं.

बायकांना सँडल चालतात, साडी चालते, पंजाबी ड्रेस चालतो. हा अन्याय आहे असं पुरुष मंडळींचं म्हणणं असतं. आहे. नियम आमचा नाही.

एक कबूल करतो. सुरुवातीची दोन वर्षं आम्हीच वाळवंटातली सफारी आणि लाउंज एका दिवशी ठेवत होतो. केसात रेती, कपड्याला कबाबाचा धूर, आणि त्यात घाईघाईनं बूट. ते आता बंद. सफारीच्या दिवशी दुसरं काही नाही. "एक दिवस वाया घालवता" असं म्हणणाऱ्यांनी सफारीहून परतल्यावर आपला मोजा एकदा झटकून पाहावा.

पासपोर्ट मूळच लागतो. दुबईत दारूसाठी वय २१ पूर्ण हवं, आणि दारात मागितला तर व्हॉट्सअॅपवरचा फोटो दाखवून भागेलच असं नाही. कोवळ्या चेहऱ्याच्या जावयांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आणि शाल. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तिथली संध्याकाळ आपल्या इथल्या दिवाळीनंतरच्या संध्याकाळीसारखीच असते, पण आतला एसी हाडात शिरतो. "आम्ही ४६ डिग्रीतले लोक" म्हणणाऱ्या एकानं मागच्या वर्षी टेबलावरचा नॅपकिन गळ्याला गुंडाळला होता.

चहा: एक दिरहमपासून काहीशे दिरहमपर्यंत

चहाच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण दुबईत चहा म्हणजे चार वेगळ्या गोष्टी.

पहिला करक. हा आपलाच कडक, तिकडं जाऊन नाव बदललेला. भारत-पाकिस्तानातून कामाला गेलेल्या लोकांनी नेला, आता अरबी माणूसही गाडी दुकानासमोर उभी करून हॉर्न वाजवतो आणि काचेतून घेतो. चहापत्ती भरपूर उकळलेली, आटवलेलं डब्यातलं दूध, वेलची, कुठं केशर. कागदी कप, एक-दोन दिरहम. टपरी बहुतेक केरळच्या माणसाची. बशी मागू नका, नसते. सोबत खायला घरून अनारसे नेऊ नका, कारण त्यावर खसखस असते, आणि खसखस त्या देशात अमली पदार्थात धरतात. दिवाळीनंतरच्या ग्रुपला हे मी तीनदा सांगतो. डिंकाच्या लाडवात घातली असेल तर तेही घरीच. सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि पानही घरीच. खर्ऱ्यावर तर आपल्या इथंच बंदी आहे, पण ते असो.

दुसरा गहवा. चहा नाही, कॉफी, पण मान चहाचा. फिकट भाजलेल्या बिया, वेलची, साखर नाही, दूध नाही. दल्ला नावाच्या चोचीच्या भांड्यातून फिंजान नावाच्या बिनकानाच्या इवल्याशा कपात घोटभर ओततात, सोबत खजूर. घोटभर ओतणं हा कंजूषपणा नाही, तो आदर आहे. कप भरून देणं म्हणजे "प्या आणि निघा". संपला की पुन्हा ओततात, पुन्हा ओततात. नको असेल तर कप हातात धरून दोन-तीनदा हलवायचा. आमच्या एका ताईंना हे माहीत नव्हतं, त्यांनी सात कप प्यायले आणि रात्री झोप नाही. या गहव्याची युनेस्कोनं २०१५ मध्ये वारसा म्हणून नोंद केली आहे, तेव्हा कडू लागला तरी तोंड वाकडं करू नये.

तिसरा, आमचा आवडता: अल फाहिदी या जुन्या वस्तीतलं अरेबियन टी हाऊस, १९९७ पासूनचं. पांढऱ्या भिंती, अंगणात झाड, वस्तीत जागोजागी बारजील, म्हणजे वरची हवा खाली ओढून आणणारे चौकोनी मनोरे. वीज नव्हती तेव्हाचा कूलर म्हणा. इथं रेगाग मागवा. पातळ, कुरकुरीत, मोठी रोटी. आपल्या मातीच्या मडक्यावरच्या लांब रोटीची दूरची बहीण शोभेल. बलालीत हा पदार्थ गोड शेवयांवर ऑम्लेट घातलेला असतो. अंडं न खाणाऱ्यांनी आधी सांगावं, नाहीतर गोड शेवया आल्या म्हणून खूश व्हाल आणि वरची चादर उचलल्यावर कळेल. इथं दारू मिळत नाही, आणि चप्पल चालते.

चौथा मोठ्या हॉटेलातला दुपारचा चहा. पैशाचा प्रश्न याचाच असतो. हा चहा नसून जेवण आहे. तीन मजली तबक येतं: खाली सँडविच, मध्ये स्कोन नावाचा खुसखुशीत पाव, त्यावर साय आणि जॅम, वर केक-मिठाई. खालून वर खात जायचं. दीड-दोन तास बसायचं. होतं काय, की लोक दुपारी हॉटेलच्या बुफेत पोटभर जेवतात, चार वाजता तबकासमोर हताश बसतात आणि मग मला विचारतात, "पार्सल करून देतील का?" त्या दिवशी दुपारचं जेवण आमच्या सहलीत नाही, ते याच कारणानं. आम्ही जेवण वाचवतो असा आरोप होतो. ते पैसे चहाच्याच बिलात जातात, ऑफिसात या, हिशोब दाखवतो. बिनअंड्याचं तबक बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं तर मिळतं. तिथं बसल्यावर सांगितलं तर फळं मिळतात.

"तिथं मिळते ना जी?"

मिळते. परवाना असलेल्या हॉटेलांत, लाउंजमध्ये, क्लबात. रस्त्यावर, समुद्रकिनाऱ्यावर, बसमध्ये पिणं गुन्हा आहे. पिऊन रस्त्यावर गोंधळ घालणंही गुन्हा आहे, आणि गाडी चालवण्याच्या बाबतीत थेंबाचीही सूट नाही.

आता शारजा, दुबईला लागूनचं. दरवर्षी कोणीतरी मोबाइल पुढं करतं: "भाऊ, शारजात हॉटेल अर्ध्या भावात दिसून राहिलं, तुम्ही बर दुबईत कायले ठेवता?" आपल्याला समजावणं सोपं आहे. आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. नदीच्या पलीकडं अमरावती जिल्हा, तिथं दुकान. शारजा आणि दुबईचं तसंच. शारजात दारूला बंदी आहे, हॉटेलातही मिळत नाही, बाटली सोबत नेली तरी अडचण. त्यात दोन्हींमधल्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ जी गर्दी असते, तिच्यात वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात. न पिणाऱ्यालाही त्या गर्दीत रोज दीड तास बसायला आवडत नाही.

भावाबद्दल. दारूवरचा ३० टक्के कर दुबईनं २०२३ च्या सुरुवातीला थांबवला होता, तो जानेवारी २०२५ पासून पुन्हा लागला. त्यामुळं २०२४ मध्ये जाऊन आलेल्या साडूचे भाव धरून निघू नका. शिवाय ५ टक्के व्हॅट आहेच, आणि सर्व्हिस चार्ज. उंचावरच्या लाउंजमध्ये माणशी किमान खर्चाची अट असते. बुर्ज खलिफाच्या १२२ व्या मजल्यावर, ४४२ मीटर उंचीवर, अॅटमॉस्फिअर नावाचं रेस्टॉरंट-लाउंज आहे, तिथं बसायचं म्हणजे दृश्याचेच पैसे मोजायचे हे धरून चला. न पिणाऱ्यांनी मॉकटेल घ्यावं, किमान खर्चात तेही मोजतात. पुदिना-लिंबाचं चांगलं लागतं, आणि फोटोत कोणाला फरक कळत नाही. फोटोवरून आठवलं, शेजारच्या टेबलावरच्या माणसांचा फोटो परवानगीशिवाय काढू नका. तिथं तो गुन्हा आहे.

परतताना विमानतळावर बाटली घेणाऱ्यांसाठी: भारतात दोन लिटरपर्यंत कर नाही, हे खरं. पण नागपूरहून आपली गाडी येते ती वर्धा जिल्ह्यात. पुढचं तुम्हीच समजून घ्या. आमच्या गाडीत नको.

स्पा

वहिनींचे फोन यासाठी येतात, आणि बऱ्याचदा भाऊंनी बाजूला बसून लावायला लावलेले असतात. हो, बायकांना बाईच असते, पुरुषांना पुरुष. चांगल्या हमाममध्ये, म्हणजे वाफेच्या स्नानघरात, दोन्ही विभागच वेगळे असतात, दार वेगळं.

मोरोक्कन बाथ म्हणजे दिवाळीचं अभ्यंगस्नान, फक्त दुसरं कोणी घालतं. गरम वाफेच्या खोलीत बसवतात, ऑलिव्हचा काळा मऊ साबण अंगाला लावतात, मग केसा नावाच्या खरखरीत हातमोज्यानं घासतात. वजरीनं टाच घासतो तसं अख्खं अंग. मळाच्या वळ्या निघतात आणि माणूस लाजतो. लाजू नका, सगळ्यांच्याच निघतात. शेवटी घासूल नावाची मोरोक्कोची माती, मग पाणी. त्या दिवशी सकाळी दाढी किंवा वॅक्सिंग करू नका, फार झोंबतं. पोटभर जेवून किंवा पिऊन जाऊ नका. बीपी, शुगर, दिवस गेलेले असतील तर बुकिंगच्या वेळीच सांगा, तिथं वाफेत बसल्यावर नाही. सोनं हॉटेलच्या लॉकरमध्ये. मंगळसूत्र काढायचं नसेल त्यांना आम्ही छोटी कापडी थैली देतो, ती मनगटाला बांधता येते.

वेळ चारची असेल तर साडेतीनला पोचायचं. चार वीसला गेलात तर वीस मिनिटं तुमची गेली, पैसे पूर्ण. घड्याळ दुबईचं लावा, आपल्यापेक्षा दीड तास मागं. एक जोडपं भारतीय वेळेनं निघून दीड तास आधी पोचलं होतं. बिचारे तिथल्या सोफ्यावर झोपले, आणि नंतर म्हणाले की खरा आराम तोच झाला.

देरा भागात फुटपाथवर, गाड्यांच्या काचांना मसाजची छोटी रंगीत कार्डं पडलेली दिसतात. उचलू नका, फोन करू नका. स्वस्तात मसाज म्हणून गेलेल्यांना लुटल्याचे प्रकार झाले आहेत, पोलीस स्वतः सावध करतात.

बुकिंगचं

स्पा आणि लाउंजची आगाऊ रक्कम आम्ही निघण्याच्या दहा दिवस आधी घेतो आणि परत देत नाही, कारण आम्हालाही परत मिळत नाही. कापसाचे पैसे यायचे असतील तर तसं सांगा, सहलीच्या बाकी पैशांना थांबतो, या दोनांना थांबता येत नाही. पुढचे ग्रुप डिसेंबर आणि जानेवारीत आहेत, एका ग्रुपमध्ये अठराच माणसं, जास्त घेत नाही. जोडप्यांना नुसती चहा आणि स्पाची सहलही करून देतो, लाउंज वगळून. तिला मागणी वाढते आहे, आणि खरं सांगायचं तर तिच्यात पिशव्या तपासाव्या लागत नाहीत.

बंद बूट नसतील तर नवे घ्या, पण निघायच्या आदल्या दिवशी नको. पंधरा दिवस आधी घ्या आणि इथंच शेतावर, बाजारात घालून मोकळे करा. मागच्या ग्रुपमध्ये तिघांना नवे बूट चावले. त्यांनी लाउंजमध्ये टेबलाखाली काढून ठेवले आणि मोज्यांवर बसले. वेटर ग्लास ठेवायला वाकला, त्यानं पाहिलं, काही बोलला नाही.