बॅकअप झाला म्हणतोय, पण कोण?

युनिक्सच्या जगातला सगळ्यात फसवा बॅकअप फक्त २० बाइटचा असतो.

रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेतून, चालणारी एक साधी स्क्रिप्ट घ्या. टार या प्रोग्रामने फाइली एका गठ्ठ्यात, म्हणजे आर्काइव्हमध्ये, गोळा करायच्या, पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीकडे नेणारी वाट) जीझिप या फाइली आवळणाऱ्या प्रोग्रामकडे सोपवायच्या आणि जीझिपने त्या आवळून डिस्कवर लिहायच्या. आता टार सुरुवातीलाच कोसळला, तर जीझिपच्या हाती काहीच पडत नाही. ते ‘काहीच नाही’ तो इमानेइतबारे आवळतो: १० बाइटचं शीर्षक, २ बाइटचा रिकामा मजकूर, ८ बाइटची शेपटी. पाइपलाइनचा निकाल म्हणून शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, शेवटच्या कमांडचा निकाल सांगतो आणि ती कमांड, म्हणजे जीझिप, तर यशस्वी झालेली असते. स्क्रिप्ट खूश. नंतर जीझिपच्याच चाचणीने ही फाइल तपासा, निर्दोष निघते. तिचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, काढून ठेवा, वर्षभराने तोही जुळेल. बॅश या शेलमध्ये ‘पाइपफेल’ हा पर्याय चालू केला की ही गफलत पकडली जाते. तो मुळात बंद का असतो, याची कारणं आहेत. पण बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये तो बंद ठेवायला एकही कारण नाही.

म्हणून बॅकअप तपासला असं कोणी म्हणालं, की नेमकं काय तपासलं ते विचारावं. टारचंच बघा. १९७९ सालच्या सातव्या युनिक्सबरोबर तो आला, टेपवर फाइली लिहिण्यासाठी. प्रत्येक फाइलच्या आधी तो ५१२ बाइटचं शीर्षक लिहितो: नाव, आकार, मालक, परवानग्या. त्या शीर्षकातल्या बाइटांची साधी बेरीज हा त्याचा चेकसम, म्हणजे बिघाड ओळखायचा आकडा. फाइलच्या मजकुराला मात्र कसलंच संरक्षण नाही. डिस्कवर एखादा बिट उलटला, तर टार ती बिघडलेली फाइल बिनतक्रार उलगडून देतो. जीझिप संपूर्ण मजकुराचा सीआरसी-३२ हा चेकसम शेपटीत नोंदवतो, त्यामुळे बिघाड कळतो. पण आवळलेल्या प्रवाहात एक बिट चुकला की तिथून पुढचं बहुधा सगळंच हातचं जातं. एकात नुकसान थोडं पण मुकं, दुसऱ्यात मोठं पण बोलकं. मला विचाराल तर बोलकं नुकसान परवडलं, कारण ते वेळेत कळलं तर मूळ फाइली अजून जागेवर असतात.

शा-२५६ या पद्धतीने हॅश काढणं सोपं आणि भरवशाचं आहे. एक बिट बदलला तरी ६४ अक्षरी उत्तर पार बदलतं. फक्त हॅश मूळ फाइलींचे काढावेत, तयार झालेल्या आर्काइव्हचे नुसते नव्हेत. आणि ती यादी बॅकअपच्याच डिस्कवर ठेवू नये. घुसखोराने फाइल बदलली, तर शेजारची यादीही तो बदलेल. यादीवर नजर टाकताना ‘ई३बी०सी४४२’ने सुरू होणाऱ्या ओळी ओळखायला शिका. तो रिकाम्या फाइलचा हॅश आहे. एखाद-दुसरी असली तर हरकत नाही, रांगच लागली असेल तर झोप उडायला हवी.

टारच्या ग्नू आवृत्तीला आर्काइव्ह आणि चालू डिस्क यांची तुलनाही करता येते. फरक निघणारच, लॉग, म्हणजे नोंदींच्या फाइली, तर दर मिनिटाला वाढत असतात. पण अपडेट झालेलं नसताना ‘यूएसआर-बिन’ या प्रोग्रामांच्या डिरेक्टरीतली एखादी फाइल वेगळी निघाली, तर बॅकअपपेक्षा सर्व्हरचीच काळजी करा.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याकडून चालू डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. रोजचा बॅकअप शोधायला गेल्यावर जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस या प्रणालीच्या ९.६ आवृत्तीचा होता आणि बॅकअप घेणारं साधन ९.२चं, त्यामुळे ते एरर देऊन थांबत होतं. तशा ईमेलही निघत होत्या, पण डीमार्कच्या, म्हणजे ईमेलचा पाठवणारा खरा आहे का ते तपासणाऱ्या, नियमात न बसल्याने त्या नाकारल्या जात होत्या. अखेर त्याच दिवशी काही तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, कामी आला. तरी सुमारे ६ तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीर केलं, हे विशेष.

अशा बिघाडाचा छडा कुठलाही चेकसम लावत नाही. त्यासाठी दुसऱ्या, कोऱ्या मशीनवर बॅकअप प्रत्यक्ष रिस्टोअर करून बघावा लागतो. त्यात भलत्याच गोष्टी उघड होतात. रेस्क्यू डिस्कवरून (बिघडलेलं मशीन सुरू करायची डिस्क) रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून आर्काइव्ह उलगडताना टार मालकाचं नाव वाचतो आणि त्या रेस्क्यू डिस्कच्या वापरकर्त्यांच्या यादीतला त्या नावाचा क्रमांक फाइलला लावतो. मूळ सर्व्हरवर पोस्टग्रेस या वापरकर्त्याचा क्रमांक वेगळा असेल, तर सगळे बाइट जागच्या जागी, सगळे हॅश जुळलेले, आणि डेटाबेस मात्र स्वतःच्याच फाइली उघडायला तयार नाही. ‘न्यूमेरिक-ओनर’ हा पर्याय दिला असता तर मूळ क्रमांक राहिले असते. हे रंगीत तालमीत कळलं तर पाच मिनिटांचं काम. तालीम करताना घड्याळही लावा: बॅकअप रात्री दोन तासांत होतो, म्हणून तो दोन तासांतच परत येईल असं नसतं.