अंतराळयानात रणगाड्याची चाकं

दिवाळीत बेळगावच्या गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात. राजहंसगड मेहनतीने उभारणारी मुलंही एका जागी हमखास फसतात. तट बरोबर, बुरूज बरोबर, आणि दारात उभा केलेला मावळा दरवाजापेक्षा उंच! डोळा ती चूक लगेच पकडतो, कारण माणूस केवढा असतो हे त्याला ठाऊक असतं. जे यान कधी अस्तित्वातच नव्हतं त्याचं मॉडेल करताना अडचण हीच, फक्त तिथे माप सांगायला मावळाही नसतो. या छंदाचा बराचसा इतिहास त्या एका अडचणीभोवती फिरला आहे.

सुरुवात मात्र खऱ्या विमानांपासून झाली. १९३६ साली ब्रिटनमध्ये फ्रॉग या कंपनीने ‘पेंग्विन’ या नावाने १/७२ मापाची विमानं आणली. सहा फुटांना एक इंच, असा हिशेब. त्यांचं सेल्युलोज अ‍ॅसिटेट वर्षागणिक वाकडं व्हायचं. युद्धानंतर पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक आलं आणि टिकलं. ते मापात राहतं, आणि द्रावक गोंद लावला की दोन्ही कडा विरघळून एकजीव होतात. खरं तर ते चिकटवणं नाही, सांधणं आहे.

कल्पनेतल्या यानांची किट्सही, म्हणजे सुटे भाग जोडून मॉडेल करायचे संचही, लवकरच आले. एएमटी या कंपनीचं, ‘स्टार ट्रेक’ मालिकेतलं यान ‘एंटरप्राइझ’ १९६६चं. पण वळण लावलं ते चित्रीकरणासाठी मॉडेलं करणाऱ्या कारागिरांनी. १९६५च्या ‘थंडरबर्ड्स’ या ब्रिटिश मालिकेसाठी डेरेक मेडिंग्ज यांच्या चमूने दुकानात मिळणारी किट्स फोडून त्यांचे भाग आपल्या यंत्रांवर बसवले. १९६८च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’तलं डिस्कव्हरी यान तब्बल ५४ फूट लांब होतं, आणि त्याच्या अंगावरही किट्सचेच तुकडे होते. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’साठी रणगाडे, तोफा, जहाजं, शर्यतीच्या गाड्या अशी किट्स ढिगाने फोडली गेली. या बारीक तुकड्यांना तिथे ‘ग्रीबली’ हे नाव पडलं. वेळ वाचला हे एक कारण, पण मोठं कारण वेगळं आहे. रणगाड्याच्या सस्पेन्शनचा भाग कुणीतरी खऱ्या यंत्रावरून मोजून काढलेला असतो. त्यातल्या बोल्टांच्या अंतराला, बरगडीच्या जाडीला काही कारण असतं. बघणाऱ्याला ते सांगता येत नाही, पण जाणवतं. मनाने कोरलेल्या नक्षीत ते उतरत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, करणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही. वाळूतून पॅटर्न सुटावा म्हणून बाजूंना उतार, आतल्या कोपऱ्यांना गोलाई. आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण एक टक्का आकसतं म्हणून पॅटर्न तेवढा मोठा. किटचा भागही साच्यातूनच निघतो. तोच उतार, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली तीच रेघ (पार्टिंग लाइन), शिवाय भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांच्या गोल खुणा. या खुणा पुट्टीने भरून ४००, ६०० आणि १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावत घासायच्या. पार्टिंग लाइन मात्र सगळीकडे सरसकट घालवू नये, असं आमचं मत. पत्र्याचा भाग असेल तर ती जायलाच हवी; ओतीव भाग दाखवायचा असेल तर पुसट रेघ आणि किंचित खरबरीत पृष्ठभाग हेच खरं दिसतं.

जपानने छंद घरोघरी नेला. १९७९मध्ये गंडम या महाकाय यंत्रमानवाची अ‍ॅनिमेशन मालिका आली आणि जुलै १९८०मध्ये बांदाई या कंपनीने तिचं १/१४४ किट ३०० येनला विकायला काढलं. १८ मीटरचा यंत्रमानव साडेबारा सेंटीमीटरचा झाला. गोंद, रंग सगळं हाताने. १९८२मध्ये ‘हॉबी जपान’ मासिकात कलाकार कोव योकोयामा यांची यंत्रं येऊ लागली, तीही किट्स फोडून घडवलेली. १९९०मध्ये बांदाईचं ‘हाय ग्रेड’ किट आलं, त्यात रंगीत प्लास्टिकचे, गोंदाविना बसणारे भाग होते, आणि १९९५मध्ये १/१०० मापाची ‘मास्टर ग्रेड’ ही श्रेणी.

आता मापाचा हिशेब. १/३५ रणगाड्यावरचं अर्ध्या मीटरचं झाकण साधारण १४ मिलिमीटर भरतं. तेच उचलून १/१४४ यानावर लावलं की दोन मीटरचं होतं, म्हणजे माणसाच्या दारासारखं वाचलं जातं. ते दार म्हणून वापरलं तर यान मोठं दिसतं. झाकण म्हणून वापरलं तर खेळणं दिसतं. शिडीच्या पायऱ्यांतलं ३० सेंटीमीटर अंतर १/१४४ला दोन मिलिमीटर येतं. एका यानावर दारं आणि शिड्या यांचं माप एकच ठेवलं की बाकीचे तुकडे कुठल्याही किटचे चालतात.

किट महाग पडतं म्हणून घरातले तुकडे वापरायचे असतील तर आधी पाण्यात टाकून बघा. बाटल्यांची बुचं तरंगतात. ती पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात आणि त्यांवर ना गोंद धरत ना रंग. पॉलिस्टायरीन आणि एबीएस हे कणखर प्लास्टिक बुडतात. थर्माकोल पॉलिस्टायरीनचाच असला तरी बहुतांश हवा असल्याने तरंगतो, आणि स्प्रे रंगाने खाल्ला जातो.

गाडी रंगवणाऱ्यांची एनसी पुट्टी चालते, पण पातळ थरात. जाड लेप दिला तर त्यातला थिनर पातळ प्लास्टिक मऊ करतो आणि पुट्टी पुढे कित्येक दिवस आकसत राहते. गंडमचे सांधे बऱ्याचदा एबीएसचे असतात. पत्र्यांच्या सांध्यांसारख्या कोरलेल्या रेघा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत भरलेला इनॅमल रंग थिनरसह ताणलेल्या सांध्यात झिरपला की तो सांधा तडकतो. म्हणून भाग सुटे करून, आधी वार्निशचा थर देऊन मगच रेघा भरायच्या.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरच्या दमट हवेत लॅकर (पटकन सुकणारा रंग) मारला की थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसून पांढुरकी झाक येते. घासू नका. कोरड्या दिवशी सावकाश सुकणाऱ्या थिनरचा अगदी हलका हात मारला तर ती बहुतेक वेळा उतरते.