समलिंगी मतदारांचा परंपरावादी पक्षांना पाठिंबा

समलिंगी संबंधांच्या कायदेशीर मान्यतेला ज्या पक्षांनी विरोध केला, किंवा या प्रश्नावर बोलण्याचेच टाळले, अशा परंपरावादी पक्षांना काही समलिंगी स्त्री-पुरुष विचारपूर्वक मत देतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्यासारखे वाटते. असे वाटण्यामागे एक गृहीतक असते : समलिंगी माणूस मतदान करताना सर्वांत आधी समलिंगी असतो आणि शेतकरी, भाविक, दुकानदार, माजी सैनिकाचा मुलगा किंवा कुणाच्या तरी भावकीतला माणूस नंतर असतो. सातारा-सांगलीच्या मुलखात हे गृहीतक क्वचितच लागू पडते, आणि इतर देशांतही ते पुरते खरे ठरलेले नाही.

आधी काय आणि नंतर काय, हा वाद मराठी वाचकाला जुना आहे. कराडजवळच्या टेंभू गावी १८५६ मध्ये जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर आणि लोकमान्य टिळक यांचे बिनसले ते बऱ्याच अंशी याच मुद्द्यावर. शरीरसंबंधासाठी मुलींचे किमान वय वाढवणाऱ्या १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला तो परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, या भूमिकेतून. आगरकरांना मात्र त्या घरात होरपळणारी मुलगी आधी दिसत होती. ‘आधी देश, आधी हाताला काम, आमचे नंतर पाहू’ असे म्हणणारा आजचा समलिंगी मतदार टिळकांच्या बाजूने बोलत असतो, आणि ‘तोवर आम्ही जगायचे कसे’ असे विचारणारा आगरकरांच्या. प्रस्तुत लेखकाला आगरकरांची बाजू अधिक पटते. तरीही पहिल्या प्रकारच्या मतदाराला अडाणी किंवा भित्रा ठरवणे अन्यायाचे आहे, कारण त्याचा हिशेब बहुधा पुरता विचार करून केलेला असतो.

या वर्तनाची संघटित रूपे प्रथम इंग्लंड-अमेरिकेत दिसली. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून काढण्याचा प्रस्ताव जनमतासाठी आला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत रिपब्लिकन पक्षाचे माजी गव्हर्नर रोनाल्ड रेगन हेही होते, आणि तो प्रस्ताव पडला. त्याच लढ्याच्या काळात ‘लॉग कॅबिन रिपब्लिकन्स’ या समलिंगी रिपब्लिकनांच्या संघटनेचा पाया घातला गेला. सरकारने माणसाच्या खासगी आयुष्यात आणि खिशात कमीत कमी ढवळाढवळ करावी, हे त्यांचे मूळ सूत्र. संघटनेची निष्ठा आंधळी नव्हती : विवाह केवळ स्त्री-पुरुषांचाच, अशी घटनादुरुस्ती करण्याचा आग्रह जॉर्ज बुश यांनी धरला म्हणून २००४ मध्ये तिने त्यांना पाठिंबा नाकारला. २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीतील मतदानोत्तर चाचणीत स्वतःला समलिंगी किंवा उभयलैंगिक म्हणवणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्के मते रिपब्लिकन उमेदवाराला गेल्याचे दिसले, म्हणजे पाचांत एकाहून थोडी अधिक. ब्रिटनमध्ये समलिंगी संबंधांच्या ‘प्रसारा’वर बंदी घालणारे कलम २८ हे १९८८ मध्ये हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्याच सरकारने आणले होते. त्याच पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी २०११ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात सांगितले की, आपण परंपरावादी आहोत म्हणूनच समलिंगी विवाहाचे समर्थन करतो. निष्ठा, बांधिलकी आणि घर ही परंपरेचीच मूल्ये होत. २०१३ मध्ये विवाहाचा कायदा संमत झाला, पण त्यांच्या स्वतःच्या पक्षात विधेयकाच्या बाजूने मत देणाऱ्या खासदारांपेक्षा विरोधात मत देणारे अधिक होते. परंपरेच्या आत राहून ती रुंद करता येते, असे मानणारा समलिंगी मतदार आजही कॅमेरून यांच्या या युक्तिवादाचा आधार घेतो. युरोपात याला आणखी एक वळण मिळाले : नेदरलँड्समधील राजकीय नेते पिम फॉर्ट्युइन, ज्यांची २००२ मध्ये हत्या झाली, हे उघडपणे समलिंगी होते आणि स्थलांतरितांमुळे देशातील मोकळीक धोक्यात येते असे सांगत होते. आपल्या सुरक्षिततेसाठी दुसऱ्या अल्पसंख्याकांकडे बोट दाखवण्याची ही रीत टिकाऊ नाही, कारण ज्याच्या आश्रयाला आपण गेलो त्याचे बोट उद्या आपल्याकडेही वळू शकते.

भारतात प्रश्नाचा पोतच वेगळा आहे, कारण येथे समलिंगी व्यक्तींना जे मिळाले ते मुख्यतः न्यायालयांतून. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी परस्परसंमतीच्या खासगी संबंधांपुरते रद्द ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी ते पुन्हा जिवंत केले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने अशा संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. संसदेने या काळात काही केले नाही असे नाही. हे संबंध गुन्ह्यातून वगळण्यासाठीचे काँग्रेसचे खासदार शशी थरूर यांचे खासगी विधेयक डिसेंबर २०१५ मध्ये लोकसभेने ७१ विरुद्ध २४ मतांनी मांडूसुद्धा दिले नाही. २०१३ च्या निकालाचे स्वागत भारतीय जनता पक्षाचे तेव्हाचे अध्यक्ष राजनाथ सिंह यांनी केले, तर सोनिया गांधी यांनी निराशा व्यक्त केली. मात्र २०१८ मध्ये भाजपच्या केंद्र सरकारने खासगी संबंधांपुरता निर्णय न्यायालयाच्या विवेकावर सोडला, आणि २०२३ मध्ये समलिंगी विवाहाबाबत राज्यांची मते मागवली तेव्हा विरोध कळवणाऱ्यांत काँग्रेसचे सरकार असलेले राजस्थानही होते. महाराष्ट्राने वेळ मागून घेतला. ‘दिले ते कोर्टाने, अडवले ते सगळ्यांनीच, मग मत दुसऱ्या कारणासाठी का देऊ नये?’ हा प्रश्न यातूनच येतो आणि त्यात तथ्य आहे.

धर्मनिष्ठा हे दुसरे कारण. पाश्चात्त्य देशांत चर्च आणि समलिंगी चळवळ दीर्घकाळ समोरासमोर उभ्या राहिल्या. दक्षिण महाराष्ट्रातल्या भाविकाला मात्र देव आपला वैरी आहे असे सहसा वाटत नाही. जतच्या यल्लमाच्या यात्रेत डोक्यावर जग (देवीचा मुखवटा बसवलेली टोपली) घेतलेला, लुगडे नेसलेला, कपाळभर हळद-कुंकू माखलेला जोगता, म्हणजे देवीला वाहिलेला पुरुष, दारात आला की घरातली म्हातारी पदर सावरून त्याच्या परडीत पीठ-मीठ घालते आणि पाया पडते. जोगता म्हणजे समलिंगी पुरुष असे समीकरण मांडणे चूक ठरेल, आणि त्या पायापडणीने जोगत्याच्या पोटाचा प्रश्नही सुटत नाही. पण रूढ पुरुषपणाच्या बाहेरच्या देहाला परंपरेत काही एक जागा आहे, हे हा मतदार लहानपणापासून पाहत आलेला असतो. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, पण नैसर्गिकही नाहीत, अशी भूमिका घेतली. जानेवारी २०२३ मध्ये सरसंघचालक मोहन भागवत यांनी महाभारतातील जरासंधाचे सेनापती हंस आणि डिंभक यांच्यातील अशाच नात्याचा दाखला देऊन अशा व्यक्तींनाही समाजात त्यांचा अवकाश असावा असे म्हटले. हिंदुत्ववादी पक्षाला मत देणाऱ्या समलिंगी तरुणाला हे पुरेसे आश्वासन वाटते. अवकाश आणि अधिकार यांतले अंतर मात्र फार मोठे आहे.

सातारा-सांगलीत याहून निर्णायक ठरते ते घर. मतदार यादी घर क्रमांकाने लागलेली असते. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात पक्षाचा कार्यकर्ता ती यादी घेऊन ओसरीवर बसतो आणि घरागणिक खुणा करत जातो : हे आपले, हे त्यांचे, हे काठावरचे. मत गुप्त असले तरी मतमोजणीनंतर प्रत्येक केंद्राचे आकडे कळतात, त्यामुळे एखाद्या वाडीने कुणाला साथ दिली हे लपत नाही. ज्या तरुणाची नोकरी साखर कारखान्यात, भावाचे कर्ज पतसंस्थेत आणि बहिणीचा प्रवेश संस्थेच्या महाविद्यालयात आहे, त्याचे मत या सगळ्यांशी बांधलेले असते. नेता पक्ष बदलतो तेव्हा घरे त्याच्याबरोबर जातात, निदान काही घरे तरी : उदयनराजे भोसले यांनी २०१९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस सोडून भाजपमध्ये प्रवेश केला, त्या वर्षीच्या पोटनिवडणुकीत ते पडले आणि २०२४ मध्ये भाजपतर्फे सातारा लोकसभा जिंकले. त्यांना मत देणाऱ्यांत समलिंगी मतदार असणारच, आणि त्यांपैकी अनेकांनी गादीला, कामाला किंवा घरच्या शब्दाला मत दिले असणार. समलिंगी स्त्रियांच्या बाबतीत हे बंधन अधिक घट्ट असते, कारण त्यांतील बहुतेकींचे लग्न झालेले असते आणि मतदान केंद्रावर त्या सासरच्या माणसांबरोबरच जातात.

शिवाय जो मतदार घरात, कामावर, गणेश मंडळात कुठेच उघड झालेला नाही, त्याच्यापाशी पक्ष कधी मत मागायला जातच नाही. राष्ट्रवादी काँग्रेसने ऑक्टोबर २०२० मध्ये समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला, तेव्हा तो राज्यात नवा प्रयोग होता. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातून ‘मुस्कान’ ही पुरुष व तृतीयपंथी देहविक्रय करणाऱ्यांची संघटना उभी राहिली, हा या मुलखातला मोलाचा अपवाद. पण शेतकरी कुटुंबातला, पदवी घेऊन एमआयडीसीत लागलेला समलिंगी तरुण त्या वर्तुळाच्या बाहेरच राहतो.

या पाठिंब्यावरची सर्वांत वजनदार टीका १७ ऑक्टोबर २०२३ नंतर उभी राहते. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला आणि समलिंगी जोडप्यांच्या नात्याला मान्यता देण्याचा प्रश्न कायदेमंडळावर सोपवला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले, शिधापत्रिकेवर दोघांना एक कुटुंब मानावे असेही राज्यांना कळवले. ही सोय कामाची आहे, पण वारसाहक्क तिच्यात येत नाही : मृत्युपत्र नसेल तर बरोबर वीस वर्षे राहिलेल्या जोडीदाराचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही, जमीन पुतण्यांकडे जाते. ‘दिले ते कोर्टाने’ हे म्हणणे २०१८ पर्यंत खरे होते. आता जे मिळायचे ते विधेयकातून मिळायचे आहे, आणि विधेयक मांडणारा किंवा अडवणारा खासदार याच मतदाराच्या मताने दिल्लीला जातो.