मुसोलिनीने रोम जिंकलं नव्हतं

मुसोलिनी काळ्या डगलेवाल्यांच्या, म्हणजे आपल्या फॅसिस्ट पक्षाच्या स्वयंसेवकांच्या, फौजेपुढे चालत रोममध्ये घुसला आणि त्याने सत्ता हिसकावली, ही गोष्ट आजही सर्रास सांगितली जाते. ती मुळात फॅसिस्टांनीच रचलेली.

ऑक्टोबर १९२२ मध्ये हे स्वयंसेवक रोमबाहेर पावसात भिजत थांबले होते. अपुरी शस्त्रं, खाण्यापिण्याचे हाल. लष्कराने मनावर घेतलं असतं तर त्यांना पिटाळणं अवघड नव्हतं. इटलीचे पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूमही तयार ठेवला होता. २८ तारखेला राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने त्यावर सहीच केली नाही! कारणांवर इतिहासकारांचा वाद आहे. यादवीची भीती आणि डाव्यांची धास्ती ही त्यातली दोन. उलट सरकार बनवायला त्याने मुसोलिनीलाच बोलावलं.

हा 'सेनापती' तोवर मिलानमध्ये होता. निमंत्रण आल्यावर तो रात्रीच्या रेल्वेने निघाला आणि ३० तारखेला सकाळी रोमला उतरला. संसदेत त्याच्या पक्षाचे जेमतेम ३५ खासदार. विजयी संचलन झालं ते ३१ तारखेला, म्हणजे पंतप्रधानपद मिळाल्यानंतर.

हुकूमशाही पुढे टप्प्याटप्प्याने आली. जुलै १९४३ मध्ये, दोस्त सैन्य सिसिलीत उतरल्यावर, याच राजाने त्याला बडतर्फ करून अटक करवली.